सत्तीताईंची फियाट आणि माझ्या कमरेची किल्ली

सत्तीताई गाडीत बसल्या की आधी पदर कमरेला खोचतात, मग आरसा पुसतात आणि मग शेजारी बसलेल्याला विचारतात, "काही विसरलं तर नाही ना?" उत्तराची वाट पाहत नाहीत. तोवर गिअर पडलेला असतो.

पूर्ण नाव सत्यवती बिडवई. वय विचारलं तर म्हणतात, गाडीपेक्षा मोठी आहे. गाडी म्हणजे ताकाच्या रंगाची जुनी फियाट. इथे जबलपूरला फॅक्टरीच्या टेलिफोन एक्स्चेंजवर नोकरीला असताना, बदली होऊन निघालेल्या एका साहेबाकडून त्यांनी ती घेतली, आणि चालवायला शिकल्या त्याच साहेबाच्या ड्रायव्हरकडून, गावाबाहेर रिछाईकडच्या मोकळ्या रस्त्यांवर. नऊवारी नेसलेली आई मागच्या सीटवर जपमाळ ओढत बसायची, पुढे लेक स्टिअरिंगवर. हे दृश्य पाहायला लोक सायकलवरून उतरायचे.

लग्न त्यांनी केलं नाही. का, ते कोणी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. आमच्या मराठी नाटक मंडळात त्यांनी कधी तोंडाला रंग लावला नाही, पण त्यांच्याशिवाय आमचा पडदा वर गेला नसता, कारण पडदाच त्यांच्या गाडीच्या टपावर असायचा. कटनी असो की नरसिंहपूर, आत आम्ही चार बायका, हार्मोनियम, पेट्या, आणि सगळ्यांच्या मांडीवर थोडा थोडा वाटलेला मेकअपवाला बंडू. मी विंगेतून पाहायची तर सत्तीताई शेवटच्या रांगेत झोपलेल्या. प्रयोग कसा झाला विचारलं की म्हणायच्या, "मस्त. टाळ्यांनी जाग आली."

नाटकं थांबली, मंडळ विरलं, गाडी चालू राहिली. कोणाला दवाखान्यात न्यायचं आहे, कोणाच्या सुनेला परीक्षेला सोडायचं आहे, सत्तीताई हजर. गेल्या दिवाळीत मात्र गाडी मागे घेताना शेजाऱ्यांचं फाटक वाकलं. फाटकच वाकलं, गाडीला ओरखडा नाही. पण नागपूरहून त्यांचा भाचा, म्हणजे भावाचा मुलगा अंबरीश, आला होता. याचं बालपण त्याच गाडीच्या मागच्या सीटवर झोपण्यात गेलं. त्याने आत्याला समोर बसवून सांगितलं, आणखी एक चूक झाली की गाडी उभी राहील, मग जिथे जायचं तिथे मी टॅक्सी करून देईन. सत्तीताई म्हणाल्या, कबूल. आणि त्यांचं कबूल म्हणजे कबूल. एक्स्चेंजवर उभा जन्म काढलेली बाई. इकडचा शब्द तिकडे जाताना बदलायचा नाही, ही त्यांची सवय.

तर या मार्च महिन्यातली ही गोष्ट. अंबरीश दुपारच्या गाडीने येणार होता. त्याला घ्यायला स्टेशनवर फियाटच जाते, हा रिवाज. सकाळी मात्र आम्ही दोघी नेहमीप्रमाणे ग्वारीघाटावर गेलो. सत्तीताई तिथे स्नान करत नाहीत, दिवा सोडत नाहीत. पायरीवर उभ्या राहून डोळे मिटतात, हात जोडतात, "नर्मदे हर" म्हणतात आणि एक नाणं पाण्यात टाकतात. एका हातात नाणं, दुसऱ्या हातात लाल दोरा बांधलेली गाडीची किल्ली. त्या दिवशी हात जोडताना दोन्ही वस्तू एकत्र आल्या. डोळे मिटलेलेच होते. जे बोटांत आलं ते टाकलं.

पाण्यात बुडबुडा आला तेव्हा मी नर्मदेकडे पाहत होते. वळले तर सत्तीताई स्वतःच्या तळव्याकडे पाहत होत्या. तळव्यावर नाणं होतं.

घाटावर दोरीला चुंबक बांधून नाणी काढणारे असतात. त्यातल्या एकाला विचारलं. त्याने विचारलं, किल्ली कशाची? पितळेची म्हटल्यावर त्याने दोरी गुंडाळायला घेतली. पितळ चुंबकाला लागत नाही. जवळचा नाववाला म्हणाला, "मैया ने रख ली, अम्मा. अब वो नहीं देगी." आणि मोठ्या आदराने हात जोडले. सत्तीताईंनीही जोडले. दुसरं काय करणार?

वरती रस्त्यावर फियाट उभी. दारांची कुलपं कधीच निकामी झालेली, त्यामुळे आत जाऊन बसता आलं. पण इंजिन त्या एका किल्लीशिवाय चालू होणार नव्हतं. सत्तीताई स्टिअरिंगसमोर हात मांडीवर ठेवून बसल्या.

"विनू," त्या म्हणाल्या, "फाटकाचं अंतर चुकीचं मोजलं, ते समजू शकते. हे काहून झालं?"

मी म्हटलं, देवाच्या दारी डोळे मिटून उभं राहिलं की असंच होतं. त्या हसल्या नाहीत.

बाजारात बड्या फुहाऱ्याच्या गल्लीत किल्ल्या बनवणारा अनुपम मला माहीत होता. त्याला फोन केला. तो स्कूटरवर हत्यारांची पिशवी घेऊन आला, डॅशबोर्डखाली बराच वेळ डोकं घालून बसला आणि कुलपात तार घालून पाहून बाहेर आला. त्याचं म्हणणं असं पडलं की कुलूप फार म्हातारं आहे. उघडून किल्ली बनवायला गेलो तर तुटेल, आणि तुटलं तर नवीन कुठून आणायचं ते शोधण्यातच दिवस जातील. जुनी डुप्लिकेट असली तर मात्र तिच्यावरून घटकेत कापून देईन. नाहीतर सध्यापुरती खालून तार जोडून देतो, गाडी चालू होईल.

"तार जोडून?" सत्तीताई म्हणाल्या. "भैया, अपनी ही गाड़ी चोर की तरह चलाऊँ?"

अनुपमने पिशवी बंद केली आणि म्हणाला, मग डुप्लिकेट आठवा.

सत्तीताई आठवू लागल्या. साहेबाने दोन किल्ल्या दिल्या होत्या. एक ही, मैयाकडे गेली ती. दुसरी आईच्या देव्हाऱ्यात होती, पण आई गेल्यावर देव्हारा अंबरीशच्या घरी गेला. त्याला फोन करून विचारायचं तर तो विचारणारच, कशाला हवी? मग त्यांचा चेहरा एकदम बदलला. त्यांनी माझ्याकडे, नेमकं माझ्या कमरेकडे पाहिलं.

"देव्हाऱ्यातली नाही. त्याच्या आधीच काढली होती. तुझ्या कमरेला होती ती."

आणि मला आठवलं. आमच्या एका नाटकात मी खाष्ट सासू होते. कमरेला किल्ल्यांचा जुडगा, आणि तिसऱ्या अंकात तो जुडगा सुनेच्या पायाशी आदळायचा. माझे पांढरे केस विगचे होते आणि राग अगदी खरा, कारण सून झालेली प्रतिमा स्टेजवर माझी वाक्यं खायची. पहिल्या प्रयोगाला जुडगा पुरेसा वाजेना. शेवटच्या रांगेपर्यंत आवाज गेला पाहिजे म्हणून ज्याच्या घरी जी वापरात नसलेली किल्ली असेल ती मागवली. सत्तीताईंनी डुप्लिकेट आणून दिली होती. ती ओवल्यावर जुडगा असा वाजला, की शेवटच्या रांगेत त्या स्वतः दचकून जाग्या झाल्या.

तो जुडगा माझ्याकडेच आहे. महाराजपूरच्या घरात, माझ्या खोलीच्या खुंटीवर. नात चिन्मयी त्याला "दादी का वेपन" म्हणते.

ऑटो शोधायला वेळ नव्हता. अनुपमने स्कूटरला किक मारली आणि माझ्याकडे पाहिलं. मी एकेकाळी राणी म्हणून पालखीतून प्रवेश घेतलेली बाई. स्कूटरवर मागे बसायला मला कसली लाज? साडी सावरली, त्याचा खांदा धरला आणि निघाले. ग्वारीघाट ते महाराजपूर म्हणजे अख्खं जबलपूर ओलांडणं. वाटेत त्याने दोनदा विचारलं, "अम्मा जी, ठीक हो?" मी दोनदा सांगितलं, पुढे बघ.

जुडगा पाहून तो जरा गोंधळला. सगळ्या किल्ल्या सोनेरी होत्या. स्टेजवरच्या दिव्यांत चमकाव्यात म्हणून बंडूने त्यांना सोनेरी रंग फासला होता, तोही दर सीझनला नवा. बड्या फुहाऱ्याला त्याच्या दुकानात जाऊन अनुपमने एकेक किल्ली खरवडायला घेतली. ही कपाटाची, ही पेटीची, ही कसलीच नाही. मग एकीच्या डोक्यावरचा रंग निघाला आणि खाली फियाटची खूण दिसली. किल्ली मात्र मधून वाकलेली आणि टोकाला चेपलेली.

"इसको बहुत पटका है किसी ने," तो म्हणाला.

मी म्हटलं, मीच. आणि दरवेळी टाळ्या घेतल्या.

ती किल्ली थेट कुलपात घातली तर आतच तुटेल, असं तो म्हणाला. पण नमुना म्हणून चालेल. त्याने ती लाकडी ठोकळ्यावर हळूच सरळ केली, खाचांतला रंग सुईने काढला, मशीनच्या एका चिमट्यात ती धरली आणि दुसऱ्यात कोरी किल्ली. मशीन किंचाळलं. पितळेचा भुगा उडाला. जुनी किल्ली पुढे सरकते तशी नवी मागून कापली जाते, अगदी प्रॉम्प्टर आणि नटासारखं. मी हे त्याला समजावून सांगत होते. त्याला मशीनच्या आवाजात काही ऐकू आलं नाही, पण तो मान हलवत होता. चांगला प्रेक्षक.

परत आलो तेव्हा सत्तीताई त्याच सीटवर बसलेल्या. गाडी सोडून त्या कुठे जाणार नव्हत्या. आजूबाजूच्या फुलवाल्या बायकांनी त्यांना चहा पाजला होता आणि जाणाऱ्या-येणाऱ्यांना ही गोष्ट, बरीच भर घालून, सांगून झाली होती. नवी किल्ली आत गेली. फिरेना. अनुपमने बाहेर काढली, उन्हात धरली, कानशीने दोन ठिकाणी घासली, पुन्हा घातली. पुन्हा फिरेना. मी विंगेत उभी राहून दुसऱ्याचं वाक्य ओठांत म्हणावं तशी उभी होते. तिसऱ्यांदा त्याने किल्ली सत्तीताईंच्या हातात दिली.

"आप घुमाइए. ये आपका हाथ पहचानती है."

त्यांनी फिरवली. फियाट खोकली, थरथरली आणि चालू झाली. फुलवाल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या ऐकल्या की माझी मान आपोआप खाली झुकते; त्या माझ्यासाठी नव्हत्या, तरी झुकली.

स्टेशनच्या वाटेवर मी सत्तीताईंना पढवत होते. काही घडलं नाही. किल्लीला नवा लाल दोरा बांधला आहे, कळणारसुद्धा नाही. अंबरीशने विचारलं सकाळ कशी गेली, तर म्हणायचं, घाटावर गेलो होतो. हे खोटं नाही. त्या ऐकत होत्या, वळायचा इशारा देत होत्या, वळत होत्या. चौकात एक मोटारसायकलवाला आडवा घुसला, त्याला त्यांनी अगदी सहज वाचवलं. इतकं स्वच्छ गाडी चालवणारी बाई आजपासून टॅक्सीने फिरणार, हे मला पटेना. पण मी ज्यांना पढवत होते, त्यांनी आयुष्यात कधी पाठांतर केलेलं नव्हतं.

अंबरीश आला, आत्याच्या पाया पडला, माझ्या पडला, बॅग घेऊन मागच्या सीटवर बसला. गाडी अजून स्टेशनच्या फाटकातून बाहेर पडली नव्हती.

"अंबू," सत्तीताई आरशात पाहत म्हणाल्या, "आज मी किल्ली नर्मदेत टाकली. नाण्याच्या ऐवजी. विनूने आणि त्या भैयाने नवी करून आणली. तू म्हणाला होतास, आणखी एक चूक. ही घे ती."

मी खिडकीबाहेर पाहू लागले. कोणी वाक्य विसरलं तर मला सावरता येतं. कोणी वाक्य बोलून टाकलं तर काय करायचं, ते मला कोणी शिकवलं नाही.

पुलाखालून गेलो, सिग्नलला थांबलो. मग अंबरीशने विचारलं, "म्हणजे नाणं तुझ्याकडेच राहिलं?"

"हो. पर्समध्ये आहे."

"मग घरी कुठे निघालीस? मैयाचं देणं ठेवून? आधी घाटावर चल."

त्यांनी गाडी वळवली. मागच्या सीटवर तो पुढे सरकून बसला, दोन्ही कोपरं पुढच्या सीटांवर टेकवून, लहानपणी बसायचा तसा. रस्ता पाहत होता आणि आत्याचे हात पाहत होता. सत्तीताईंनाही कळलं असणार, कारण एरवी रस्त्यात आडव्या येणाऱ्या प्रत्येकाला बावळट म्हणणाऱ्या त्यांनी त्या दिवशी कोणालाही तसं म्हटलं नाही.

घाटावर ऊन कलायला लागलं होतं. नाववाल्याने ओळखलं आणि हसून हात जोडले. सत्तीताई पायरीवर उभ्या राहिल्या, पर्समधून नाणं काढलं, डोळे मिटायला लागल्या.

"आत्या, थांब," अंबरीश म्हणाला आणि हात पुढे केला. "किल्ली आधी माझ्याकडे दे."

त्यांनी त्याच्याकडे पाहिलं. मग मूठ उघडून किल्ली त्याच्या तळव्यावर ठेवली. ती ज्या तऱ्हेने ठेवली, त्यावरून मला वाटलं, हा शेवटचा अंक. त्यांनी डोळे मिटले, "नर्मदे हर" म्हटलं, नाणं टाकलं. या वेळी बुडबुडा नाण्याचाच होता.

डोळे उघडले तेव्हा अंबरीशचा हात तसाच समोर होता, किल्लीसकट.

"पाहून राहिलो होतो सगळं," तो म्हणाला. "चालवताना डोळे उघडे असतात तुझे. आता इथे येशील तेव्हा किल्ली विनूमावशीच्या हातात द्यायची. कबूल?"

"कबूल," सत्तीताई म्हणाल्या आणि किल्ली उचलली. जरा घाईनेच.

मी म्हटलं, मला काही अडचण नाही, किल्ल्या सांभाळायची माझी जुनी सवय आहे, फक्त अधूनमधून त्या आदळते.

वर गाडीत अंबरीश पुढे बसला, मी मागे गेले. सत्तीताईंनी पदर खोचला, आरसा पुसला, नवी किल्ली आत घातली आणि विचारलं, "काही विसरलं तर नाही ना?"

या वेळी त्या उत्तरासाठी थांबल्या. आम्ही दोघांनी खिसे चाचपले, पर्स पाहिली आणि नाही म्हटलं. मग गिअर पडला.