हळदीखालचं पिवळं

आमच्या कागलात बाळाबाईंनी हजारभर बाळं तरी न्हाऊ घातली असतील. मिशा फुटलेल्या बाप्याला भर बाजारात "लई रडका हुतास रं" म्हणून त्या गप्प करायच्या. डॉक्टरांना तर त्या खिजगणतीतही धरत नसत. तेव्हा मलाही त्याची गंमत वाटायची. माझंही चुकलंच.

सहा वर्षांपूर्वी आमच्या गल्लीतली सौंदर्या बाळंत झाली आणि तिसऱ्या दिवशी दवाखान्यातून घरी आली. खिडकीला पोतं लावलेली अंधारी खोली, शेगडीवर ओव्याची धुरी. तेलात हळद कालवून बाळाला चोळायची ही बाळाबाईंची रीत. चौथ्या दिवशी पाणी ओतलं, हळद वाहून गेली, पण रंग गेला नाही. त्यांनी बेसन लावून पुन्हा धुतलं. मग बाळानं, शिवांशनं, डोळे उघडले. डोळ्यांतला पांढरा भागही पिवळा होता, आणि डोळ्यांत काही कुणी हळद घालत नाही.

दुसऱ्या दिवशी पाचवी. सटवाई कपाळावर लिहून जाईपर्यंत बाळाला उंबऱ्याबाहेर काढायचं नाही, हे त्या जन्मभर सांगत आलेल्या. त्या गप्प राहिल्या. पाटावर कोरा कागद आणि पेन ठेवलं गेलं. सातव्या दिवशी बाळ दूध ओढेना, मान टाकली, तेव्हा त्याला कोल्हापूरला नेलं. डोळ्यांवर पट्टी बांधून निळ्या दिव्याखाली निजवलेलं ते पोर बाळाबाई काचेतून बघून आल्या. तेव्हापासून त्यांच्या घरात हळद नाही. आमटीसुद्धा पांढरी.

आता त्या नव्या बाळाला आधी दारात, उजेडात आणतात. नाकाच्या शेंड्यावर अंगठा दाबतात, उचलतात आणि वाकून बघतात. दाबलेल्या जागी पिवळं दिसलं की घरच्यांवर ओरडून त्यांना दवाखान्यात पिटाळतात.

शिवांश वाचला, पण बोलला नाही. हाक मारली तरी बघत नाही. उन्हात बसून स्वतःचे तळवे उलटसुलट करत राहतो. डॉक्टरांनी ऑटिझम सांगितला. काविळीमुळं का, असं सौंदर्यानं विचारलं. ते म्हणाले, "काही अभ्यासांत संबंध दिसतो, काहींत दिसत नाही. एका मुलाबद्दल छातीठोक सांगता येणार नाही. पण कावीळ पहिल्यांदा कधी दिसली?"

तो प्रश्न घेऊन ती गेल्या मंगळवारी दुपारी पोरासकट बाळाबाईंकडं आली. मी तिथंच शेंगा सोलत बसले होते.

"बाळाक्का, तुमीच न्हाऊ घालत हुतासा. सातव्या दिवसाच्या आदी कदी पिवळा दिसला हुता काय?"

"न्हाय गं. हळद हुती ती."

कुणाला हात न लावणारा शिवांश उठला. बाळाबाईंसमोर उभा राहिला. त्यांच्या नाकाच्या शेंड्यावर त्यानं अंगठा दाबला, उचलला आणि वाकून बघितलं. अगदी त्यांच्यासारखंच. बाळाबाई जिथं जिथं बाळ बघायला गेल्या, तिथं हे पोर कधीच नव्हतं.

त्यानं पुन्हा अंगठा दाबला.

"चवथ्या दिवशी," बाळाबाई म्हणाल्या. त्यांचा तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. "डोळं पिवळं हुतं, पोरी. मी बघितलं हुतं."

शिवांशनं अंगठा काढून सदऱ्याला पुसला, पुन्हा पुसला, आणि आईचा हात धरून तिला दाराबाहेर घेऊन गेला.