लाईट यायच्या आत

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाची परीक्षा संपली त्या दिवशी आमच्या मेंटॉर मॅडमनी प्रत्येकीच्या हातात एक छापील तक्ता ठेवला. सुट्टीत एक छंद निवडायचा, रोज ठरलेल्या वेळी तो करायचा आणि दर रविवारी तक्त्याचा फोटो मॅडमना पाठवायचा. तारीख, वेळ, काय केलं, काय शिकले आणि मार्गदर्शकाची सही, असे पाच रकाने होते. मागची अख्खी सुट्टी मी मोबाईल बघत लोळून काढली होती आणि ते मीच मॅडमना हसत हसत सांगितलं होतं. त्यामुळे हा तक्ता माझ्याच कृपेनं निघाला असं वर्गातल्या मुली म्हणत होत्या.

कुणी गिटार लिहिलं, कुणी केक. मी पोहणं लिहिलं. मॅडमना कौतुक वाटलं, पण कौतुक करण्यासारखं त्यात काही नव्हतं. मी ते रागानं लिहिलं होतं.

आमचं गाव ढोकी आणि तेरच्या मधलं. रानात आमची एक दगडी विहीर आहे आणि गल्लीतली जवळजवळ सगळी पोरं तिथंच पोहायला शिकलीत. शिकवणारे अप्पा, म्हणजे माझे वडील. पोराच्या कमरेला दोर, पाठीला तेलाचा रिकामा कॅन, आणि द्यायचं ढकलून. त्यातले काही जण आता पोलिसात आहेत, एक जण फौजेत आहे. दिवाळीला येतात आणि अप्पांच्या पाया पडतात. तेव्हा मी काय करत होते? काठावर बसून या सगळ्यांचे कपडे सांभाळत होते. आठ-नऊ वर्षांची असताना मी म्हटलं, मला पण. अप्पा म्हणाले, "पुढच्या साली." पुढच्या साली विचारलं तर तेच. तिसऱ्या साली मी मोठी झाले, आणि मग कुणी विचारायचं नाही आणि कुणी उत्तर द्यायचं नाही असं आपोआप ठरून गेलं.

घरी आले त्या संध्याकाळी जेवताना मी तक्ता अप्पांच्या ताटाशेजारी ठेवला. म्हटलं, "मार्गदर्शक म्हणून तुमचं नाव लिहिलंय."

अप्पांनी तो वाचायला बराच वेळ घेतला. आई म्हणाली, "आता ह्या वयात? लोकं काय म्हनतील?"

"लोकांचीच पोरं शिकवली की मी," अप्पा म्हणाले. मग माझ्याकडं बघून म्हणाले, "पर पाण्याचा नेम न्हाय बाई. पायऱ्यांच्या खाली पानी गेलं की बंद. मग मला सांगायचं न्हाय."

आमच्या विहिरीला वरून खाली वीस पायऱ्या आहेत. विसावीच्या खाली नुसती उभी भिंत. तिथून पाण्यात उतरता येत नाही आणि मुख्य म्हणजे वर येता येत नाही. मे महिना नुकताच लागला होता आणि पाणी सोळाव्या पायरीला होतं. म्हणजे माझ्या हातात चार पायऱ्या होत्या. तेवढ्यात कॅनशिवाय या काठावरून त्या काठाला जायचं, नाहीतर पुन्हा पुढच्या साली.

मला वेळापत्रकं करायला फार आवडतं. ती पाळणं ही निराळी गोष्ट. तीन रंगांच्या स्केचपेननं मी एक केलं आणि कपाटावर चिकटवलं. सकाळी सहा ते सात पोहणं, आठ ते दहा अभ्यास, आणि असंच रात्रीपर्यंत. दुसऱ्या दिवशी बरोबर सहाला जुना टी-शर्ट आणि ट्रॅक पँट घालून विहिरीवर हजर झाले. पाणी पार खाली गेलेलं आणि गढूळ. अप्पा बांधावर दात घासत होते.

"रात पाळी हाय की लाईटीची," ते म्हणाले. "रातभर मोटार चालल्यावर सकाळी पानी कुठून असंल? दिवसभर साचू दे, सांच्याला ये."

आमच्याकडं लाईट म्हणजे घरातले दिवे नव्हेत. लाईट म्हणजे मोटारीला लागणारी थ्री फेज वीज. ती एक आठवडा रात्री असते आणि एक आठवडा दिवसा, तीही ठरावीक तास. गावातलं सगळं तिच्यावर चालतं. भिजवणं, जेवण, झोप, एवढंच काय सोयरिकीची बोलणीसुद्धा. मी इलेक्ट्रिकलला आहे, याच गावात वाढले आणि तीन रंगांत वेळापत्रक करताना मला लाईट आठवली नाही. दोन वर्षं पुण्यात राहून मी तेवढी शहाणी झाले होते.

त्यात आमच्या मोटारीला ऑटो आहे. हे मोटारीच्या स्टार्टरच्या पेटीतलं एक छोटं यंत्र. लाईट आली की ते मोटार आपोआप सुरू करतं, माणसानं रानात जाऊन बटण दाबायला नको. म्हणून अप्पांचा एक नियम होता, आणि तो गल्लीतल्या पोरांनाही पाठ होता. लाईट यायच्या आत पाण्याबाहेर. मोटार चालू असताना विहिरीत पाय घालायचा नाही. मी कपाटावरचा कागद फाडला आणि तक्त्यातल्या वेळेच्या रकान्यात रोज लिहू लागले, "लाईट यायच्या आत".

पहिल्या रविवारी मॅडमचं उत्तर आलं: "वेळ घड्याळाप्रमाणे लिहावी. आणि कृपया अंधारात पोहू नये." आम्हाला थ्री फेज शिकवतात त्याच या मॅडम. मी अप्पांना वाचून दाखवलं. ते इतके हसले की त्यांना ठसका लागला.

पोहणं मात्र हसण्यासारखं नव्हतं. मी भित्री निघाले. पाठीला कॅन आणि कमरेला दोर असूनही मी पहिले चार दिवस पायरी सोडेना. अप्पा वरून ओरडायचे, "पाय मार, पाय! तोंडानं फू फू काय करायलीस, चूल पेटवायलीस का?" नाकात पाणी जायचं, डोळे चुरचुरायचे, मी वर येऊन त्यांच्यावरच चिडायचे. म्हणायचे, "लहानपणी शिकवलं असतं तर ही वेळ आली नसती." अप्पा दोर गुंडाळत राहायचे.

तरी दिवसाला आकार आला. रात पाळीच्या आठवड्यात संध्याकाळी, दिवस पाळीच्या आठवड्यात सकाळी. पोहून आलं की भूक लागायची, जेवलं की झोप यायची, आणि उठल्यावर पुस्तक उघडावंसं वाटायचं, हे तर मला आश्चर्यच होतं. तीन आठवड्यांत कॅन बांधून मला विहीर ओलांडता येऊ लागली. कॅन काढला की मात्र मी दगडासारखी खाली जायचे आणि अप्पा दोर ओढून काढायचे. आणि पाणी एकोणिसाव्या पायरीला टेकलं होतं. मी रोज पायऱ्या मोजायचे आणि रोज माझा जीव थोडा थोडा खाली जायचा. कडवळाला, म्हणजे म्हशींसाठी केलेल्या हिरव्या चाऱ्याला, पाणी लागतच होतं. ते देऊ नका असं कुठल्या तोंडानं म्हणणार?

चौथा आठवडा दिवस पाळीचा होता. आदल्या रात्री अप्पांनी विचारलं, "तुज्याकडं ती चिकटपट्टी हाय का वायरची? पाईप गळायलाय." मी कॉलेजच्या पिशवीतून लाल टेप काढून दिली. सकाळी विहिरीवर ते म्हणाले, "ऑटो बिघडलाय. मोटार आता हातानंच चालू करावी लागंल दुपारी. तू पव निवांत, घाई न्हाय."

"मी बघते की ऑटो. टेस्टर आहे माझ्याकडं."

"हात लावू नको. मिस्त्री येनार हाय."

मला राग आला. दोन वर्षं इलेक्ट्रिकल शिकून घरच्या पेटीला हात लावायची परवानगी नाही. पोहायचं तसंच हेही, पुढच्या साली. तिथंच टॉवेल आपटून मी घरी निघून आले. पण दुसऱ्या दिवशी गेले. जाणार कुठं?

गंमत म्हणजे पाणी उतरलं नाही. उलट दोन दिवसांनी अठरावी पायरी बुडाली. मला इतका आनंद झाला की मी तक्त्यातल्या "काय शिकले" या रकान्यात लिहिलं, की उन्हाळ्यात भूगर्भातला नवा झरा मोकळा होऊन विहिरीची पातळी वाढू शकते. रकाना पुरेना म्हणून समासातही लिहिलं. अप्पांनी सही करताना ते सगळं वाचलं. "लई हुशार हाईस," म्हणाले आणि सही केली. आई तोंडाला पदर लावून आत गेली. तेव्हा मला वाटलं तिला शिंक आली असेल.

शनिवारी अप्पांनी न विचारता कॅन सोडला. "जा," म्हणाले. मी गेले. मधोमध एकदा पाय जड झाले आणि खालचं काळं पाणी मनात आलं, पण तोवर समोरचा दगड हाताला लागला होता. मी त्याला धरून मोठ्यानं ओरडले. विहिरीनं ते ओरडणं दोनदा परत केलं. अप्पा वरून इतकंच म्हणाले, "आता उलटं ये."

घरी आल्यावर मी इतकी खूश होते की अप्पांसाठी काहीतरी करावंसं वाटलं. ते ढोकीला गेले होते. मिस्त्रीचा अजून पत्ता नव्हता. म्हटलं, आपणच ऑटो दुरुस्त करून ठेवू, संध्याकाळी चकित होतील. भर दुपारी डोक्याला ओढणी गुंडाळून, पेचकस आणि टेस्टर घेऊन मी रानात गेले. पेटीवरचे तिन्ही दिवे लागलेले होते. लाईट होती. मोटार बंद होती. मी फ्यूज काढले, पेटी उघडली आणि बघत राहिले.

ऑटोला काहीही झालं नव्हतं. त्याची एक वायर सोडवून बाजूला वळवून ठेवली होती. तिच्या टोकाला लाल टेप होती, माझीच. उघडं टोक कुणाला लागू नये म्हणून नीट तीन वेढे दिलेले. काढलेला स्क्रू हरवू नये म्हणून कागदात गुंडाळून पेटीच्या कोपऱ्यात ठेवलेला.

मागं वळून बघितलं तर कडवळ पिवळं पडलं होतं. पानांच्या सुरळ्या झाल्या होत्या. आठवडाभर मी त्याच बांधावरून रोज येत-जात होते, पायऱ्या मोजत होते, झऱ्याबद्दल लिहीत होते, आणि कडवळाकडं एकदाही बघितलं नव्हतं. मी पेटीशेजारी खाली बसले आणि रडले. वाईट वाटलं, लाज वाटली, आणि इतकी वर्षं धरून ठेवलेला राग आता ठेवायचा कुठं ते कळेना.

मग उठून वायर जोडली, स्क्रू आवळला, फ्यूज घातले. मोटार आपोआप सुरू झाली. पाणी दांडातून कडवळाकडं जाताना बघून मी घरी आले आणि तक्ता काढला. त्या आठवड्यात मी नऊ-साडेनऊपर्यंत पाण्यात असायचे. तोवर लाईट कधीच आलेली असायची. मी मात्र सवयीनं जुनंच लिहीत राहिले होते. आधी झऱ्याचा मजकूर खोडला. मग त्या सगळ्या ओळींमधलं "लाईट यायच्या आत" खोडून प्रत्येक ठिकाणी "लाईट असताना" असं लिहिलं.

संध्याकाळी अप्पा आले, हातपाय धुऊन बसले.

"ऑटो नीट केला," मी म्हटलं.

"काय झालं व्हतं?" त्यांनी विचारलं.

"वायर सुटली होती."

"व्हय का," ते म्हणाले.

मी तक्ता पुढं केला. त्यांनी चष्मा लावला आणि ओळीवर बोट ठेवून एकेक तारीख वाचली. खोडलेलंही वाचलं. मग पेन मागितलं आणि प्रत्येक दुरुस्तीपुढं, एकही न चुकवता, पुन्हा सही केली.