धुरपीचे पाय

नागपूर सोडलं तेव्हा आई फाटकाशी उभी होती. रिक्षात ट्रंक चढेपर्यंत एकच पालुपद: "काही राहिलं का बघ." मी नाही म्हणालो. म्हातारपणी पुण्याचा फ्लॅट बंद करताना मुलानेही तेच विचारलं, "बाबा, काही राहिलं का बघा." तेव्हाही मी नाहीच म्हणालो. बॅगेत स्वेटर, औषधं आणि 'धुरपी सायकलवाली'चा पुण्यात छापलेला पहिला अंक होता. डब्लिनपर्यंतच्या प्रवासात मी नुसता पाय हलवत होतो. शेजारच्या बाईने शेवटी माझ्या गुडघ्याकडे बघून सुस्कारा सोडला.

आता डब्लिनच्या कडेला, ल्यूकनला, मुलाकडे असतो. सगळी घरं एकसारखी, त्यांच्याभोवती मी चकरा मारतो. समोरचा शेजारी गाडी धुताधुता "ऑल गुड?" विचारतो, मी "ग्रँड" म्हणतो, म्हणजे मजेत. ग्रँड काही नाही. एका जागी बसवत नाही. चहाची पूड काढायला जातो, प्रेस उघडतो (इथे कपाटाला प्रेस म्हणतात), तसाच बंद करतो आणि पुन्हा बाहेर.

तुमच्यापैकी पुष्कळांना धुरपी आठवत असेल. गावोगाव सायकलवर हिंडून हरवलेल्या वस्तू शोधून देणारी गोरीगुलाबी पोरगी. इथल्या गणपतीत जवळच्या नास गावाहून आलेला एक इंजिनियर थेट माझ्या पायाच पडला. "काका, धुरपी तुमची? अहो, माझं सगळं बालपण आहे ते!" त्याच्या बायकोने फोटोही काढला. तिकडे राहिलेल्यांना आणि इकडे आलेल्यांना, दोघांनाही हे सांगायचं राहिलंय. धुरपी माझी नाही. आणि ती गोरी नव्हती.

धुरपी सीतारामची. नागपुरात आम्ही दोघं दुकानांचे बोर्ड रंगवायचो. ही चित्रकथा त्याने लिहिली, त्यानेच काढली. रंग आणि छापखान्याच्या खेपा माझ्याकडे. पानांना पिना आम्हीच मारायचो आणि एसटी स्टँडवर विकायचो. धुरपी त्याने धाकट्या बहिणीवरून काढली होती, सावळी वगैरे नाही, चांगली काळी. लांब ढांगा, उंच सायकल. त्याच्या वस्तीतल्या पोरी एकच अंक चिंध्या होईपर्यंत फिरवून वाचायच्या. "आपल्यातलीच आहे हे," म्हणायच्या.

मग पुण्याच्या एका प्रकाशकाला ती आवडली. "गोष्ट फक्कड आहे. पोरगी तेवढी उजळ करा. मुखपृष्ठावर काळं तोंड चालत नाही."

मी सीतारामला विचारलं नाही. तेव्हा चित्रावर ट्रेसिंग पेपर लावून, कुठे कोणता रंग किती टक्के, ते छापखान्यासाठी लिहून द्यावं लागे. मी पानापानावर तिच्या चेहऱ्याचे, मानेचे, हातांचे टक्के खोडून नव्याने लिहिले. एका पानावर पेडलवरचे पाय विसरलो. अंक आला तर पोरगी गुलाबी आणि पाय काळे. मुलांची पत्रं आली, असं का? पुढच्या अंकात मी उत्तर छापलं: शेतातून आली ना, चिखल आहे तो.

सीताराम भांडला नाही. अंक चाळून एवढंच म्हणाला, "माह्यं नाव काढून टाक. हिले मी ओयखत नाही." मला ते सोयीचंच वाटलं. पुढचे सगळे अंक त्याच्या वळणाने मीच काढले, माझ्या एकट्याच्या नावावर. त्याच जोरावर पुण्याला गेलो.

गेल्या महिन्यात नात इरा मला शहरात कॉमिक्सच्या जत्रेला घेऊन गेली. इराला मराठी कळतं, पण उत्तर आयरिश वळणाच्या इंग्रजीत. वाचता येत नाही. तिला टेरेन्सला भेटायचं होतं. बाल्टिमोरचा हा कृष्णवर्णीय चित्रकार आपली पुस्तकं आपणच काढतो आणि आपणच विकतो. त्याच्या टेबलापुढे रांग होती. दाट वेण्या घातलेली एक डब्लिनची मुलगी पान उघडून आईला म्हणाली, "हिचे केस बघ! माझेच आहेत!" मला वस्तीतल्या पोरी आठवल्या आणि उभं राहवेना.

त्याच्या पुस्तकाच्या पहिल्या पानावर सगळ्यांची नावं होती. अक्षरं काढणारा, रंग भरणारी, गॅरेजमध्ये खोके ठेवू देणारी मावशीसुद्धा. एका मोठ्या कंपनीने त्याला नायिका थोडी उजळ करायला सांगितलं होतं. "नाही म्हणालो. म्हणून खोके अजून स्वतः उचलतो," कमरेवर हात ठेवून तो हसला.

इराने पिशवीतून माझा तो अंक काढला. "माझ्या आजोबांनी केलाय."

पानं उलटताना तो पायांशी थांबला. "हिला कुणीतरी बदललंय," तो म्हणाला. "आमच्याकडेही असे लोक होते. काहीतरी विसरतातच." मग माझा हात हातात घेतला. "फार लागलं असेल तुमच्या मनाला." आणि पेन पुढे केलं. नातीसाठी सही करा म्हणाला.

मी देवनागरीत लिहिलं, सीताराम. त्या अख्ख्या हॉलमध्ये ते वाचणारं कुणी नव्हतं. टेरेन्स म्हणाला, किती सुंदर अक्षर!

बसमध्ये इराने विचारलं, काय लिहिलंय? मी सांगितलं. मग सगळंच सांगितलं. तिने अंक पुन्हा पायांच्या पानावर उघडला. म्हणाली, "आणि त्याची बहीण? नाव काय तिचं?"

मला माहीत नव्हतं. तिच्या हातची भाकरी खाल्ली होती, तिच्या चेहऱ्यावर रंग फिरवला होता. माझ्यासाठी ती कायम 'सीतारामची बहीण'.

नागपूरच्या भाच्याने नंबर शोधून दिला. सीताराम जाऊन बरीच वर्षं झाली. बहीण आहे. गिरजाबाई. मी सगळं बोलून टाकलं, माफी मागितली. त्यांनी ऐकून घेतलं.

"तोंड कोन्त्या बाईचं होतं, काय माहीत," त्या म्हणाल्या. "पन पाय माह्ये होते. दादानं तेवढंच पान कापून भिंतीले लावलं, अजून हाय." मग म्हणाल्या, "भाऊ, चिखल नव्हता तो."

इराला धुरपी पुन्हा रंगवायची आहे, टॅबलेटवर. या वेळी मी गिरजाबाईंना विचारलं. "रंगवू दे पोरीले. पन आधी मले दाखव म्हना." इरा पान पाठवते, तिकडून उत्तर येतं, अजून काळी कर. इरा वैतागते, पुन्हा रंग घोटते. पहिल्या पानावर सीताराम आणि गिरजा ही नावं पडली आहेत. माझ्या नावापुढे काय लिहायचं, ते ती विचारते. मी उठून चकरा मारायला जातो.

नागपूरचं घर कधीच विकलं, पुण्याचं बंद आहे, ल्यूकनचं मुलाचं. तरी आईचा तो प्रश्न आठवला की आता मला एक भिंत दिसते. मुलाला तिकीट काढायला सांगितलंय. गिरजाबाईंना कळवलं, ते पान बघायला येतोय.

"या न," त्या म्हणाल्या. "पन चपला बाहेर काढा. तुमचे पाय कोन्त्या रंगाचे हायेत, तेही पाहू द्या आमाले."