उंबऱ्याजवळचं आसन

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. पुढचं वाचताना मी भोळ्या भाविकांतली आहे असा कुणाचा गैरसमज नको. आदिलाबादकडच्या नेरडीगोंड्याजवळ एका जिनिंगमध्ये मी वजनकाट्यावर बसते. हंगामात कापसाच्या गाड्या येतात, आणि वजन वाढावं म्हणून आतल्या थरावर पाणी मारून आणणारेही येतात. वरून कोरडा, आत ओला. गाडीत कोपरापर्यंत हात खुपसल्याशिवाय मी पावती फाडत नाही. वर्षानुवर्षं हे केलं की माणसांच्या बाबतीतही तीच सवय लागते. कुणी गोड बोललं की याच्या आत काय भिजवलंय, हा विचार माझ्या मनात आधी येतो.

या सवयीला दुसरंही कारण आहे. माझा जन्म मुलगा म्हणून झाला. मी मुलगा नाही हे मला फार लवकर कळलं, गावाला बरंच उशिरा कळलं, आणि आईला कधी कळलं ते तिने आजवर सांगितलेलं नाही. मोठी झाल्यावर एकदा धीर करून एका डॉक्टरकडे गेले होते. शरीर बाईचं होण्यासाठी औषधं असतात, ती तपासून, रक्त बघून घ्यायची असतात, एवढं ऐकून होते. त्या डॉक्टरने माझं ऐकता ऐकता कंपाउंडरला हाक मारली, "जरा इकडे ये, बघ." बघायला आणखी दोघे आले. त्यानंतर मी कुठल्याच दवाखान्याची पायरी चढले नाही. बेल्लमपल्लीला माझ्यासारखीच एक मैत्रीण आहे. ती म्हणाली, डॉक्टर कशाला हवा, कुटुंबनियोजनाच्या गोळ्या कुठल्याही मेडिकलमध्ये मिळतात, त्यातही तेच असतं. बाई एक घेते, आपण जास्त घ्यायच्या. मी घेऊ लागले. चेहऱ्याचा राठपणा गेला, छाती दुखरी झाली, कारण नसताना रडू यायचं, सकाळी मळमळायचं. प्रत्येक त्रास मला कौल वाटायचा. देवी ऐकते आहे, असं मी समजत होते. जगातल्या एकूण एक माणसावर संशय घेणाऱ्या मला त्या गोळ्यांवर मात्र कधी संशय आला नाही, याचं आज नवल वाटतं.

आमच्या गावात रेणुकेचं लहानसं देऊळ आहे. नवरात्रात तिथे बाया घटी बसतात. म्हणजे घट बसल्यापासून उठेपर्यंत देवळातच मुक्काम, फराळाला थोडंसं, आणि घटासमोरचं आपलं आसन अंघोळ आणि नैसर्गिक विधी सोडून मोडायचं नाही. लहानपणी आईच्या मांडीवर डोकं ठेवून मी तिथे झोपलेली आहे. आपणही एकदा त्या ओळीत बसावं, एवढीच माझी इच्छा होती. नवस नव्हता, मागणंही काही नव्हतं. त्या ओळीत मला जागा मिळाली की मग कुणाला काही सिद्ध करून दाखवायला नको, असं वाटायचं.

गेल्या वर्षी मी विचारलं. देवळातल्या बायांचा सगळा कारभार रुखमाकाकूंकडे असतो. त्या स्वतः गुडघ्यांमुळे आता घटी बसत नाहीत, पण झाडलोट, फराळ, कोण कुठे बसेल, सगळं त्याच ठरवतात. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. मग म्हणाल्या, "बस. पण उंबऱ्यापाशी बस."

उंबऱ्यापाशी म्हणजे ओळीच्या अगदी शेवटी, जाणाऱ्या-येणाऱ्यांच्या पायात. मी आसन टाकलं आणि मनात गाठ मारली. हिला मला घालवून देता आलं नाही, म्हणून दाराशी ठेवलंय. पहिली चूक सापडली की बाहेर काढायला सोपं जाईल.

म्हणून चूक होऊच द्यायची नाही असं मी ठरवलं. इतर बाया पाय लांब करायच्या, भिंतीला टेकायच्या, एकमेकींच्या पोटऱ्या दाबून द्यायच्या. मी मांडी मोडली नाही. बायांच्या न्हाणीकडे जायची वेळ आली की कुजबूज होईल, म्हणून पाणीच पिणं कमी केलं. रुखमाकाकू तांब्या घेऊन यायच्या. "पाणी घे वं. ओठ फुटून राह्यले तुये." मी घोटभर घ्यायचे आणि तांब्या परत करायचे. मला वाटायचं, पाणी पाजून मला उठवायचा यांचा बेत आहे. आणि घटी बसताना आपण जास्तीत जास्त बाईसारखं दिसावं म्हणून नवरात्राच्या आधीपासूनच गोळ्या आणखी वाढवलेल्या होत्या. पदराच्या गाठीत त्या बांधलेल्या असायच्या. आरती चालू असताना मी एक एक तोंडात टाकायचे.

सहाव्या माळेला डाव्या पोटरीत कळ आली. बसून बसून पाय आखडला असेल म्हणून सोडून दिलं. दुसऱ्या दिवशी पाय जड झाला, कातडी ताणल्यासारखी वाटू लागली. मी लुगडं टाचेपर्यंत ओढून घेतलं. देवीकडे बघून म्हणाले, दोनच माळा राहिल्यात, एवढ्या पार पाड. देवी नेहमीसारखी बघत राहिली. खरं सांगायचं तर तेव्हा मला तिचाही राग आला होता.

त्याच दिवशी दुपारी एक अनोळखी बाई देवळात आल्या. साठीच्या आसपास, काष्ट्याचं लुगडं, हातात कापडी पिशवी. उटनूरकडच्या आहोत म्हणाल्या. पुढच्या फाट्यावरच्या रेणुकेला जायचं होतं, कंडक्टरने चुकून आमच्या फाट्यावर उतरवलं. लेकीच्या बाळंतपणात नवस बोलल्या होत्या, घटी बसलेल्या बाईच्या पायात पैंजण घालीन. "आता इथंच उतरवलं माय, तं इथंच घालते. दारातून आत गेल्यावर जे पहिली दिसंल तिच्या पायात, असं बोलली होती."

दारातून आत आल्यावर पहिली मी होते.

मला ते मुळीच पटलं नाही. चांदीचे पैंजण पिशवीत घालून कुणी चुकीच्या फाट्यावर उतरत नाही. मला वाटलं, ही कुणीतरी पाठवलेली आहे. माझे पाय बघायचे आहेत, बाईचे आहेत की बाप्याचे. मी म्हटलं, "मावशी, पलीकडच्यांना घाला." त्या खाली बसल्या, तांब्याने माझे पाय धुतले, हळदकुंकू लावलं. उजव्या पायात पैंजण घातला, कडी लागली. डाव्या पायात घातला, तर कडीची दोन टोकं जुळेनात. दोन बोटांची फट राहिली.

मी म्हटलं, "सोनाराने फसवलं तुम्हाला. जोड नाहीये हा."

त्यांनी उजवा पैंजण काढून डाव्यावर धरला. तरी तेवढीच फट. मग दोन्ही पैंजण एकावर एक ठेवले आणि मला दाखवले. "पैंजण सारखेच हाय. पाय सारखे नायी." त्यांनी दोन्ही पोटऱ्यांवर हात ठेवला. "हा तं तापून राह्यला. काऊन लपवला वं?"

आता ओळीतल्या सगळ्या बाया बघत होत्या. माझा पाय लालसर, तुकतुकीत, दुसऱ्यापेक्षा केवढा तरी मोठा झाला होता. त्या बाई म्हणाल्या, ऊठ, दवाखान्यात जा. आणि माझा संशय पक्का झाला. मला आसनावरून उठवण्यासाठीच हे सगळं चाललं होतं. मी म्हटलं, "मी उठणार नाही. मेले तरी इथेच. मी उठले की हिचं व्रत मोडलं, बाई असती तर मोडलं नसतं, असं बोलायला गाव मोकळं."

यावर बोलल्या त्या रुखमाकाकू. हातातला झाडू त्यांनी भिंतीला टेकवला.

"कोन सांगतलं तुले, बाई घटावरून उठत नायी म्हनून? बाईलेच उठा लागते. अडचन येते, लेकरू तापते, सुतक येते. इथं बसलेल्या एकीले तरी इचार, कोन उठली नायी. म्हनून तं आसन राखाची रीत हाय. एक उठली का दुसरी बसते. व्रत आसनाचं असते, तुया ढुंगनाचं नसते."

बाया हसल्या. मला हसू आलं नाही, कारण माझ्या मनात एकच विचार आला, माझ्या आसनावर बसणार कोण? यांच्यातली एकही बसणार नाही. तेवढ्यात रुखमाकाकूंनी माझ्या खांद्यावर हात टेकला आणि एका हाताने गुडघा धरत, कण्हत, माझ्या शेजारी खाली बसल्या. मला कोपराने सरकवलं. "सरक. आन जाय आता. तुये उरलेले दिवस मी बसते."

त्या उटनूरकडच्या बाईंनी एक पैंजण परत उजव्या पायात घातला, दुसरा माझ्या मुठीत दिला, आणि मी उठले. लहानपणापासून मांडलेला सगळा हट्ट तिथेच सोडून उठले. पाय टेकवेना तेव्हा दोघींनी दोन्हीकडून धरलं. आई घरून आली, ऑटोत घातलं, आणि आदिलाबादच्या रस्त्याला लागल्यावर मला दम लागतोय हे लक्षात आलं.

दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीण होती, तेलुगू बोलणारी. तिने पाय बघितला आणि तोडक्या हिंदीत विचारलं, गोळ्या कुठल्या घेता? नाही म्हणायची माझी तयारी झालेली होती. आता ही कुणालातरी हाक मारेल, मग बघायला लोक येतील. पण एका पायात पैंजण आणि दुसरा मुठीत, अशी मी त्या खाटेवर पडले होते, आणि लपवून ठेवण्याची ताकद माझ्यात उरली नव्हती. मी पदराची गाठ सोडली. तिने पाकीट उलटसुलट बघितलं, रोज किती घेते ते विचारलं, आणि उठून दाराचा पडदा लावला. कुणाला हाक मारली नाही. पडदा लावण्याचं ते साधं काम मी आयुष्यात विसरणार नाही.

पायाच्या शिरेत रक्ताची गाठ झाली होती. तिचा तुकडा सुटून छातीत गेला असता तर घरी परत आले नसते, असं तिने सांगितलं. कदाचित थोडा गेलाही होता. या गोळ्यांनी रक्त गोठायला लागतं, आणि एवढ्या घेतल्या तर फारच. त्यात न हलता बसणं आणि पाणी न पिणं. मी देवीसाठी केलं म्हणत होते ते सगळं त्या गाठीसाठी केलं होतं. रक्त पातळ करायची औषधं सुरू झाली, गोळ्या बंद झाल्या. मी विचारलं, म्हणजे आता मला कधीच काही घेता येणार नाही? ती म्हणाली, हे मी ठरवणार नाही, जाणकार डॉक्टर ठरवतील, पण तुम्हीही ठरवू नका.

गोळ्या बंद झाल्यावरचे महिने वाईट गेले. चेहरा पुन्हा राठ होताना रोज आरशात दिसायचा. त्या काळात मी देवळात गेले नाही. पुढे त्याच डॉक्टरणीने हैदराबादच्या एका जाणकार बाईंकडे पाठवलं. त्यांनी सगळ्या तपासण्या केल्या, धोका अजूनही आहे हे तोंडावर सांगितलं, आणि बऱ्याच विचारानंतर कातडीवर लावायचं औषध दिलं, अगदी थोडं. रक्त पातळ करायचं औषध त्याच्यासोबत चालूच आहे. दर काही महिन्यांनी रक्त तपासायला जाते. बदल फार हळू होतो. माझ्या बेल्लमपल्लीच्या मैत्रिणीलाही भांडून एकदा तिकडे नेलं.

त्या उटनूरकडच्या बाईंचा मी तपास केला नाही असं नाही. तसं सोडून द्यायचा माझा स्वभाव नाही. पुढच्या फाट्यावरच्या देवळात जाऊन विचारलं. तिथे त्या संध्याकाळी पोचल्या होत्या, नारळ फोडला आणि शेवटच्या गाडीने गेल्या, एवढंच कळलं. म्हणजे खरंच चुकून उतरल्या होत्या. हे ऐकून मला समाधान व्हायला हवं होतं. उलट वाटलं, चुकीच्या फाट्यावर त्यांना कुणी उतरवलं? आणि मला उंबऱ्यापाशीच बसवायची बुद्धी रुखमाकाकूंना कुणी दिली? ओळीत आत बसले असते तर ते पैंजण दुसऱ्या कुणाच्या तरी पायात गेले असते. हा एकच संशय मी मनातून काढलेला नाही, काढायचाही नाही.

या नवरात्रात डॉक्टरांनी लांब बसायला मनाई केली होती, म्हणून मी देवळात नुसती दर्शनाला गेले. हात जोडले. इतकी वर्षं मी मनाने देवीपुढे नुसती अडून बसले होते हे तोवर मला कळलं होतं. परत फिरते तोच रुखमाकाकूंनी हाक मारली.

"ते सरपंचाची सून हाय ना, तिले अडचन आली. घरी गेली. तिचं आसन राखा लागते. बस."

उंबऱ्यापाशी नव्हे, ओळीच्या मधोमध. मी बसले. पाय लांब केले, तांब्याभर पाणी प्याले. दोन्ही पायांत पैंजण होते, आता डाव्याचीही कडी लागते. थोड्या वेळाने पोटरी अवघडली तेव्हा मी शेजारणीला म्हटलं, जरा माझी जागा राखता का, आणि कुणाकडे न बघता उठून अंगणात फिरायला गेले.