हरून घरी आलेली माणसं

इरा, निखिल... तुमच्या माईआजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी गच्चीवर डाळींना ऊन देत होते. नागपुरातल्या महाल भागात राहणाऱ्या त्यांच्या शेजारीणबाई बोलत होत्या. "सकाळचा चहा घेतला, कप धुऊन पालथा घातला, आणि खुर्चीत बसल्या त्या बसल्याच..." मी डाळी परत डब्यांत भरल्या, झाकणं लावली आणि मग ऑटो केला. हाताला वळणच तसं. माईंनी पाहिलं असतं तर म्हणाल्या असत्या, "जाय वं लवकर, डाळ कुठी पळून चालली?"

त्याला आता दोन महिने होत आले. तेराव्यानंतर इराचा कॅनडाहून फोन आला होता. तिची पीएच.डी.ची पात्रता परीक्षा दुसऱ्यांदा गेली आणि तिसरी संधी मिळणार नव्हती. तिथं आता करण्यासारखं काही उरलं नव्हतं, तरी ती घरी यायला तयार नव्हती. "काय तोंड घेऊन येऊ, आजी? आपल्या घरात नापास झालेली मी पहिलीच." त्याचं उत्तर माझ्या एकटीचं नव्हतं. आधी तुमच्या बाबाला विचारलं. तो म्हणाला, "तूच लिही, आई. मला अजून सांगता आलेलं नाही." इरालाही विचारलं, तुझ्याबद्दल असं चारचौघांत लिहिलं तर चालेल का. "लिही. लपवून दमले," ती म्हणाली. दोघांची परवानगी अशी रीतसर घेतली आहे.

माई म्हणजे तुमच्या आजोबांच्या थोरल्या बहीण. लग्न केलं नाही. महालात वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत राहायच्या आणि मुलींच्या शाळेत इतिहास शिकवायच्या. वर्गात शुद्ध पुस्तकी भाषा आणि उंबरठा ओलांडला की पक्की नागपुरी. मी या घरात आले ती इंग्रजी शाळेतून. थोरांची चरित्रं मी वाचली होती ती इंग्रजीतून, आणि प्रत्येक धड्याच्या शेवटी 'यातून काय शिकलात?' असा प्रश्न असायचा. मी त्याची उत्तरं क्रमांक घालून लिहीत असे. लग्नानंतर पहिल्या उन्हाळ्यात माईंनी माझी पेटी उघडून ती पुस्तकं चाळली. "काहून वं सुमन, तुह्या पुस्तकात सारेच जिंकते. हरलेले मानसं कुठी गेले?" मला वाटलं, थट्टा करताहेत. थट्टाच होती. कारण त्यांच्या स्वतःच्या गोष्टींत हरलेली माणसं पुष्कळ असत, पण ती सगळी एकाच जागी जात... रणात.

दिवाळीत आम्ही सगळे महालात असायचो, आणि माई गल्लीतल्या पोरांकडून किल्ला करून घेत. विटा, पोती, काळी माती, वर गेरू, तटाखाली मोहरी पेरलेली. चिखल कालवता कालवता गोष्ट चालायची. शेवटची खिंड, शेवटचा दरवाजा, शेवटचा श्वास. किल्ला पडतो पण किल्लेदार आधी पडतो. सांगताना त्यांचा आवाज असा काही चढायचा की मीसुद्धा ताट वाढता वाढता थांबायची. आणि सगळ्यांत पुढं बसून, कोपरापर्यंत चिखलात हात घालून ऐकत असायचा तो तुमचा बाबा, आमचा संजय. त्याला त्या गोष्टी तोंडपाठ होत्या. त्या त्याच्या आत किती खोल गेल्या आहेत, हे मात्र आम्हा कुणालाच कळलं नाही.

तो इंजिनिअरिंगला गेला तेव्हा आजोबांनी सगळ्या आळीत पेढे वाटले. पहिल्या वर्षाचा निकाल लागला आणि तो एक विषय सोडून सगळ्यांत नापास झाला. फळ्यावर निकाल पाहून तो घरी आलाच नाही, सरळ महालात गेला. पुढचं मला माईंनी सांगितलं. भर दुपारची वेळ, त्या गहू निवडत होत्या. हा आला आणि भिंतीला टेकून बसला. पाणी दिलं ते घेतलं नाही. "काहून रे, असा काहून बसला?" असं विचारल्यावर त्यानं निकाल सांगितला आणि मग म्हणाला, "आत्या, तुझ्या एवढ्या गोष्टींत हरून घरी आला, असा एक तरी माणूस आहे का गं?"

माईंनी जन्मभर इतिहास शिकवला होता. सनावळ्या, तह, वंशावळी, सगळं जिभेवर. आणि पोराच्या तोंडाकडं पाहून त्यांना एक नाव आठवेना. "सुमन, मले घाम फुटला वं. मी याले मराचंच शिकवून राहिली होती, हे मले तवा समजलं." त्यांनी काय केलं असेल? आधी उठून त्याच्या चपला दारातून आत आणल्या आणि कपाटात ठेवल्या. मग भात टाकला. खालच्या मुलाला आमच्याकडे सक्करदऱ्याला पिटाळलं: संजू इथं आहे, जेवून राहिला आहे, आज कोणी काही विचारू नका.

त्याला जेवू घालताना त्यांना मोगलांशी झालेल्या तहाचा दिवस आठवला. महाराजांनीच हुकूम पाठवला होता, किल्ले देऊन टाका. म्हणजे कितीतरी किल्लेदार न लढता किल्ल्या हवाली करून गड उतरले असणार. ही माणसं कुठं गेली? त्या रात्री कुठं झोपली? घरच्यांनी दार उघडलं तेव्हा काय म्हणाली? माई म्हणाल्या, "मले ठाऊक नाही, संजू. मी कधी कोनाले शिकवलंच नाही. आपल्या सगळ्यायची नजर गडावर, रस्त्यानं कोन पाहते?" त्या रात्री तो त्यांच्याकडेच झोपला. आणि पुढचे कितीतरी दिवस ती दोघं बोलत होती ती एवढंच... गड उतरणाऱ्या माणसानं बरोबर काय काय घेतलं असेल.

त्या वर्षीचा किल्ला तुम्ही पाहायला हवा होता. वर सगळं नेहमीसारखं, तोफा, बुरूज, पण दरवाजा सताड उघडा. आणि वाटेनं खाली चाललेली मातीची माणसं, सगळी तुमच्या बाबानं केलेली. शेळ्या, गाठोडी, पाळणा घेतलेला एक म्हातारा, डोक्यावर जातं घेतलेली एक बाई. सगळ्यांत शेवटी किल्लेदार. त्याची मान खाली गेली आहे म्हणून संजय ती पुन्हा पुन्हा मोडून वर करत होता. माई म्हणाल्या, "राहू दे खाली. उतारावर मानूस खालीच पाहते, नाही तं पडते."

गल्लीला तो किल्ला मुळीच आवडला नाही. समोरच्या घरातले भाऊजी सायकल थांबवून म्हणाले, "मास्तरीणबाई, सणासुदीले असा रडका किल्ला?"

"रडून कोन राहिलं, भाऊजी? त्या बाईकडं पाहा. तिनं जातं घेतलं सोबत. म्हंजे उद्याच्या भाकरीचा विचार करूनच निघाली ना?"

किल्ल्यांच्या स्पर्धेच्या परीक्षकांनी दारातूनच पाय मागं घेतला. आजोबा तर दोन दिवस बहिणीशी बोलले नाहीत. पण त्या दिवाळीत संजय पहिल्यांदा हसला, तोही परीक्षकांचं तोंड पाहून.

इरा, इथं मला तुला काही गोड सांगता येणार नाही. महाराजांनी पुढं किल्ले परत घेतले, हे पुस्तकात आहेच. पण तुझ्या बाबानं इंजिनिअरिंग सोडलं ते सोडलंच. संख्याशास्त्र घेतलं, साध्या कॉलेजात गेला, त्यात त्याचं मन लागलं आणि बाकीचं तुम्हाला माहीत आहे. तो गड त्याला परत मिळाला नाही, आणि अजूनही कुणी 'इंजिनिअर का नाही झालास?' विचारलं की तो विषय बदलतो. अपयश ही यशाची पहिली पायरी, असं कुणी म्हटलं की माई चिडायच्या. "पायरी काहून म्हनता? पाय ठेवला आन् झालं? तिथं काही दिवस राहा लागते, सैपाक करा लागते." वर्गातही त्यांनी मग एक प्रश्न सुरू केला, पराभवाच्या दुसऱ्या दिवसाविषयी लिहा. पालकांनी तक्रार केली की हे अभ्यासक्रमात नाही. "नाहीच आहे," माई म्हणाल्या आणि निवृत्त होईपर्यंत तो विचारत राहिल्या. मी माझी ती इंग्रजी चरित्रं अजून काढून वाचते. वाईट नाहीत ती. फक्त धडा संपतो तिथं मी आता थांबत नाही. या माणसाच्या घरी त्या दिवशी कोण होतं, ते शोधत बसते.

यंदा आमच्याकडे सण नाही. पण गल्लीतला किल्ला हा काही सण नव्हे, असं महालातल्या मुलांनी परस्पर ठरवलं आणि वसुबारसेला मला बोलावून नेलं. "आजी, औंदा मानसं कोन चालवन?" तेव्हा मला कळलं की माईंचं हे काम कुणाला तरी घ्यावंच लागणार. कारण तेव्हापासून दर दिवाळीला त्यांच्या किल्ल्यात ती उतरणारी माणसं असायची, आणि ती एका जागी उभी नसायची. दर संध्याकाळी दिवे लावायच्या आधी माई खाली उतरून एकेकाला उचलत आणि थोडं थोडं पुढं नेत. पायथ्याशी खोक्याचं एक घर असतं. भाऊबीजेला माणसं तिथं पोचतात, आणि त्या दिवशी पणती गडावर लागत नाही, त्या घराच्या दारात लागते.

कुणाला किती पुढं न्यायचं, याचं माईंकडे काही माप नव्हतं. मला मापाशिवाय जमत नाही. काल मी वीतभर मोजून म्हाताऱ्याला पुढं ठेवलं, तर एक मुलगी म्हणाली, "आजी, त्याच्याजवळ पाळणा आहे, तो एवढा नाही चालत." मी त्याला थोडं मागं घेतलं. किल्लेदार अजून अर्ध्या वाटेवर आहे. इरा, घर कुठं आहे ते तुला माहीत आहे. भाऊबीजेच्या आत आलीस, तर त्याला शेवटी दारापर्यंत तू ने.