‘ठीक’ म्हणा आणि थांबा

न कळलेल्या शब्दाला न घाबरणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका आमच्या खालच्या मजल्यावर राहत होता. तुमचं-आमचं कसं असतं, अवघड शब्द कानावर पडला की आपण शहाण्यासारखी मान डोलावतो आणि बाहेर आल्यावर एकमेकांना विचारतो, “काय म्हणाले हो?” आमच्या सुभेदारकाकांनी उभ्या जन्मात अशी खोटी मान डोलावली नसेल. फलटणकडचा माणूस, फौजेत सिग्नल्समध्ये सगळी नोकरी गेलेली, सुभेदार म्हणून निवृत्त. सिग्नलवाल्यांचा एक नियम त्यांच्या हाडात मुरला होता. वायरलेसवर निरोप आला की तो जसाच्या तसा परत म्हणून दाखवायचा. पलीकडच्यानं “ठीक” म्हटलं की मगच पुढचं वाक्य. हा नियम त्यांनी निवृत्तीनंतर भाजीवाल्यापासून बिल्डरपर्यंत सगळ्यांना लावला होता.

आणि काळ तर असा, की रोज नवा शब्द दारात उभा. आम्ही सरोजिनी नगरचं सरकारी क्वार्टर सोडून यमुनेपलीकडे नोएडाच्या नव्या सोसायटीत राहायला आलो होतो. गॅलरीतून एका बाजूला मोहरीची शेतं दिसायची आणि दुसऱ्या बाजूला अर्धवट इमारतींचे सांगाडे. केबल आलं, नाक्यावर पहिलं पिझ्झाचं दुकान आलं, आणि बिल्डरच्या माणसानं सोसायटीच्या पहिल्याच सभेत छाती फुगवून जाहीर केलं, “चौबीस घंटे पॉवर बॅकअप.” सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. काका उभे राहिले. “मैं दोहराता हूँ, गलत हो तो टोकिए. बत्ती गई तो पंखा चलेगा. किसका पंखा?” पाऊण तास हे चाललं. शेवटी निष्पन्न झालं की बॅकअपवर फक्त जिन्यातले दिवे लागणार. त्या दिवसापासून बिल्डरचा माणूस काकांना पाहिलं की मागच्या जिन्यानं जायचा, आणि सोसायटीतले लोक वॉशिंग मशीनच्या माहितीपत्रकापासून मुलांच्या शाळेच्या फॉर्मपर्यंत सगळं काकांकडे घेऊन यायचे.

काका आमच्याकडे मात्र चहासाठी येत. काकूंनी मधुमेहामुळे त्यांची साखर कायमची बंद केली होती, आणि मी एवढी कठोर नव्हते. अर्धा चमचा घालायचे. ते गुपित आम्ही दोघांनी वर्षानुवर्षं पाळलं.

आमची रेवा साडेतीन वर्षांची झाली तरी तिच्याशी बोलणं म्हणजे भिंतीशी बोलणं होतं. हाक मारली तर बघायची नाही. काही विचारलं तर आपलाच प्रश्न आपल्याला परत करायची. “भूक लागली?” तर “भूक लागली?” हात पंखांसारखे हलवायची, कुकरची शिट्टी झाली की कानावर हात ठेवून पलंगाखाली. दिल्लीच्या एका डॉक्टरांनी दोन पानी रिपोर्ट दिला. वर लिहिलेलं ‘ऑटिझम’, आणि खाली असे शब्द, की मला प्रत्येक शब्द शिक्षेसारखा वाटला. मी घरापर्यंतही पोचले नाही. काकांच्या दारासमोर जिन्यातच बसले आणि रडले. काका बाहेर आले. मी त्यांना एवढंच म्हणाले, “काका, हिच्याशी आयुष्यात कुणी बोलेल का हो?”

त्यांनी माझ्या हातातला रिपोर्ट काढून घेतला. चष्मा लावला. दोन्ही पानं वाचली आणि म्हणाले, “ताई, रडायचं मागनं. हा निरोप हाय. आधी फोडू.”

झालं. दुसऱ्या दिवशी लाल कापडी बांधणीचं भलंमोठं रजिस्टर आलं. त्यात पट्टीनं आखलेले तीन रकाने. पहिल्यात शब्द, दुसऱ्यात डॉक्टर काय म्हणाले ते, तिसऱ्यात ‘म्हणजे काय’. आणि तिसऱ्या रकान्याची परीक्षा घेणार काकू. चौथी शिकलेल्या काकू मटार सोलत बसलेल्या असायच्या आणि काका त्यांच्यापुढे जवळजवळ सावधानमध्ये उभे राहून वाचून दाखवायचे. काकू “कळलं” म्हणाल्या तर लाल पेनानं खूण. नुसतं “हं” म्हणाल्या तर नापास. शब्द पुढच्या आठवड्यात परत डॉक्टरांकडे.

डॉक्टर पहिल्यांदा वैतागले. आमचे हे, मी, रेवा आणि रजिस्टरवाले काका, एवढी वरात त्यांच्या छोट्या खोलीत शिरायची. “डॉक्टरसाहेब, मैं दोहराता हूँ,” सुरू झालं की बाहेर रांगेत बसलेले आईबाप घड्याळाकडे बघायचे. पण तिसऱ्या खेपेला गंमत झाली. डॉक्टरांनी स्वतःच विचारलं, “पिछली बार वाला पास हुआ?” पुढे पुढे तर काकूंच्या निकालाची ते आमच्याइतकीच वाट बघायचे. रांगेतले आईबाप दार किलकिलं करून ऐकायचे, आणि एका बाईंनी रजिस्टरची झेरॉक्स मागितली तेव्हा काकांचा चेहरा असा फुलला, की बस्स.

काय एकेक नोंदी होत्या त्यात. ‘सेन्सरी ओव्हरलोड’ म्हणजे आवाज, उजेड, स्पर्श यांचा एकदम मारा होऊन सहन न होणं, असं डॉक्टर म्हणाले. काकूंनी क्षणभर विचार केला. “म्हंजे दिवाळीआधीच्या रविवारी सरोजिनीच्या बाजारात आपलं डोस्कं जसं होतं, तसं पोरीचं घरात बसून होतं. मिक्सर लावला तरी.” पास. त्या दिवसापासून रेवा खाली असली की काकू मिक्सर लावत नसत. चटणी खलबत्त्यात. ‘स्टिमिंग’ आला. तेच ते हात हलवणं. डॉक्टर म्हणाले, त्यानं मुलीला शांत वाटतं, उगाच थांबवू नका. काका वाचून दाखवत होते आणि काकू त्यांच्या खुर्चीखाली बघत होत्या. काकांचा डावा पाय सकाळी पेपर उघडल्यापासून जो हलायला लागे तो रात्रीच्या बातम्यांपर्यंत. “म्हंजे तुमचा पाय,” काकू म्हणाल्या. काका थोडे हिरमुसले, पण प्रामाणिक माणूस. तिसऱ्या रकान्यात सुवाच्य अक्षरात लिहिलं, ‘माझा पाय’.

‘ऑक्युपेशनल थेरपी’ म्हणजे पोरीला नोकरीधंद्याचं काहीतरी शिकवतात अशी माझी समजूत होती. डॉक्टरांनी सांगितलं, बटण लावणं, चमचा धरणं, तोल सांभाळणं, जिना उतरणं, हे सगळं खेळातून. काकांना एवढंच पाहिजे होतं. चार दिवसांत गच्चीवर जुने टायर, दोर आणि बिल्डरनं सोडून दिलेल्या फळ्या यांचा फौजी अडथळ्यांचा मार्ग तयार. रेवाला सोडायच्या आधी त्यांनी तो स्वतः पार करून पाहिला आणि तिसऱ्या टायरात कंबर धरून बसले. दहा दिवस शेक घ्यावा लागला. रेवा मात्र पहिल्याच दिवशी सुरकन गेली, आणि परत, आणि परत, बावीस वेळा. खाली उतरायलाच तयार नाही.

काही शब्दांना त्यांनी प्रवेशच दिला नाही. कुणाला किती जमतं त्यावरून मुलांना लावायचे ‘हाय फंक्शनिंग’ आणि ‘लो फंक्शनिंग’ हे शब्द ऐकल्यावर पेनाचं टोपण लावून टाकलं. “माणसाला काय पंख्यासारखे नंबर असतात व्हय?” आणि एका शब्दावर मात्र दोन पानं खर्ची पडली. ‘उपचार’. आमच्या नातेवाइकांनी एक बाबा सुचवला होता, तो सहा महिन्यांत मुलगी पूर्ण बरी करणार होता. काकांनी डॉक्टरांना सरळ विचारलं, उपचार केले की हे जाणार का? डॉक्टर म्हणाले, हा काही ताप नाही उतरायला. ती अशीच आहे, अशीच असेल. उपचार म्हणजे तिला जगणं सोपं करणं आणि आपण तिला समजून घेणं. मला त्या क्षणी डॉक्टरांचा इतका राग आला, की काय सांगू. संध्याकाळी काका वर आले, साखरेचा चहा तसाच ठेवून त्यांनी तिसरा रकाना वाचून दाखवला. ‘पोर बदलायची नाही. रस्ता नीट करायचा.’ मग माझ्याकडे बघत राहिले. काकूंच्या आधी माझ्या “कळलं”ची वाट बघत होते. मला ते म्हणायला तीन दिवस लागले.

आणि मग आला ‘इकोलेलिया’. ऐकलेलं जसंच्या तसं परत म्हणणं. दिल्लीत मुनिरकाजवळ एक बाई मुलांना बोलायला शिकवत, तिथं आम्ही रेवाला नेत होतो. त्यांनी बजावलं होतं, ही वाईट खोड आहे, परत म्हटलं की गप्प करा. मी करत होते, देवा, करत होते. “असं नाही म्हणायचं” म्हणाले की ती तेही परत म्हणायची. काकांनी शब्द लिहिला, दुसरा रकाना भरला, आणि तिसऱ्यावर पेन टेकवून बसूनच राहिले. काकूंनी जेवायला दोनदा हाक मारली तरी हलले नाहीत. मग एकदम उठून पायजम्यावरच आमच्या घरी.

“ताई, आपलं चुकतंय. पोर निरोप परत म्हणतीया. म्हंजे तिला पोचलाय. आपण ‘ठीक’ म्हणत न्हाई, म्हणून ती तिथंच थांबलीया.”

आमचे हे म्हणाले, “काका, ती काय वायरलेस आहे?” पण काका कुठे ऐकतायत. ते जमिनीवर रेवाच्या बाजूला बसले, समोर नाही, बाजूला, कारण डोळ्यांत बघितलेलं तिला आवडत नाही हे रजिस्टरमध्ये पास झालेलं होतं. म्हणाले, “रेवाताई, दूध का बिस्कुट?”

“दूध का बिस्कुट?” रेवा म्हणाली.

“ठीक,” काका म्हणाले. आणि थांबले.

थांबले म्हणजे किती थांबले. मला तर राहवेना, तोंड उघडलं तर त्यांनी हातानंच गप्प केलं. त्यांचा पायसुद्धा हलत नव्हता. रेवा पंख्याकडे बघत होती. मग पंख्याकडे बघतच, अगदी हळू म्हणाली, “बिस्कुट.”

माझ्या मुलीचं ते पहिलं उत्तर. बाकी सगळं मी विसरेन, ते बिस्किट विसरणार नाही. मी नाचायचीच बाकी होते. काकांनी मात्र आधी रेवाला बिस्किट दिलं, मग उठून ताठ उभे राहिले आणि म्हणाले, “ताई, पल्याडचं स्टेशन बोललं.”

रोज नाही व्हायचं ते. दहा वेळा थांबलं की एकदा व्हायचं. डॉक्टर म्हणाले, अशी मुलं पुष्कळदा बोलण्याच्या वाटेवरच परत-परत म्हणत असतात, तुम्ही थांबता हे उत्तम. पण सगळ्याच मुलांना हे लागू पडेल असं धरू नका. काकांनी तेही लिहून घेतलं. पुढच्या वर्षी नव्यानंच निघालेल्या एका शाळेत मुलाखत होती. दोन शाळांनी आधीच नाही म्हटलं होतं. मॅडमनी विचारलं, “बेटा, आपका नाम क्या है?” रेवा म्हणाली, “बेटा, आपका नाम क्या है?” मॅडमनी कागदावर काहीतरी खरडलं. तो खरडण्याचा आवाज मला ओळखीचा झाला होता. काका बाहेर बाकावर होते, आत फक्त पालकांना परवानगी. मीच पुढे सरकून बोलले. “मॅडम, एक बार ‘ठीक’ बोलिए. और फिर रुकिए, प्लीज.” भली बाई. पेन खाली ठेवून म्हणाली, “ठीक.” आणि थांबली. बाहेर शिपायानं घंटा दिली, रेवानं कान झाकले, मी देवाचं नाव घेतलं. कान झाकलेल्या रेवानं टेबलाला सांगितलं, “रेवा.” सहा महिन्यांच्या बोलीवर का होईना, प्रवेश मिळाला. येताना काकांनी गाडी थांबवून शंभर ग्रॅम जिलेबी घेतली. काकूंना कळलं, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच त्या काही बोलल्या नाहीत.

रेवा नऊ वर्षांची असताना काकांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. त्यांच्या रिपोर्टवर ‘अफेझिया’ असा शब्द होता. तो घेऊन या वेळी मी त्यांच्या डॉक्टरांपुढे उभी राहिले, “मैं दोहराती हूँ,” म्हणाले, आणि रजिस्टरमध्ये लिहून काकूंना वाचून दाखवलं. मटार समोर तसेच होते. “म्हंजे शब्द आत हायत,” काकू म्हणाल्या, “दार गावंना झालंय.” मग पदर डोळ्यांना लावून म्हणाल्या, “कळलं.” लाल पेन काकांच्या खिशात होतं. ते काढायचा धीर मला झाला नाही.

लोक भेटायला यायचे, मोठमोठ्यानं बोलायचे, काकांच्या तोंडून नुसता शेवटचा शब्द परत आला की कसनुसं हसून उठायचे. एका संध्याकाळी रेवा शाळेतून आली ती सरळ त्यांच्या पलंगावर, बाजूला जाऊन बसली. काकूंनी चहा आणला होता. तिनं विचारलं, “काका, चहात काय?”

काका धडपडले. “चहात... काय.”

“ठीक,” रेवा म्हणाली. आणि पंख्याकडे बघत थांबली.

काकू पुढे होणार होत्या, मी त्यांचा हात धरला. चहावर साय धरली. काकांचे ओठ हलायचे, थांबायचे, कपाळावर घाम आला. रेवाला घाई नव्हती. त्या घरात थांबायला तिच्याइतकं कुणालाच येत नव्हतं.

“साखर,” काका म्हणाले.

काकूंनी माझ्याकडे बघितलं. आमचं गुपित त्यांना केव्हापासून ठाऊक होतं कोण जाणे. आत गेल्या, फळीवरचा डबा काढला, आणि येऊन कपात अर्धा चमचा घातला.

काका त्यानंतर दीड वर्ष होते. रजिस्टर आता माझ्याकडे आहे. रेवा कधी काढून बसते, पानं उलटते आणि सगळ्या लाल खुणा मोजते. शेवटच्या नोंदीपुढे खूण नाही. तिथं आली की ती “ठीक” म्हणते, आणि जरा वेळ थांबते.