रंगवून ठेवलेला व्हिला

दुबईहून फोन आला तेव्हा डेव्हिडच्या पासपोर्टवर व्हिसा कॅन्सल झाल्याचा शिक्का पडला होता आणि त्याच्या व्हिलात रंगकाम चालू होतं.

फोन मी घेतला. पलीकडे दुबईच्या क्लबचा सेक्रेटरी होता. "गुड मॉर्निंग, देशपांडे. वुई आर मॅचिंग. क्वामे आमच्याकडेच राहील. फॅक्स पाठवतो."

मी रिसीव्हर ठेवला आणि समोर बसलेल्या अबू खालिदना सांगितलं. ते आमच्या क्लबचे मॅनेजर.

"क्या बोला?"

मी पुन्हा सांगितलं.

"क्या बोला?" ते पुन्हा म्हणाले. त्यांच्या हातातली कॉफी अंगातल्या पांढऱ्या, पायघोळ दिशदाशावर सांडली. ती त्यांनी पुसली नाही.

मी मूळचा मुंबईतल्या एका दैनिकाचा उपसंपादक. नव्वदच्या दशकाच्या मध्यात फुजैराजवळच्या या फुटबॉल क्लबात इंग्रजी पत्रव्यवहार आणि करार बघायला आलो. अबू खालिद माझ्याशी हिंदीत बोलत. वडिलांच्या दुकानात बसून ते ती शिकले होते.

झालं होतं ते असं. करार संपलेला खेळाडू दोन प्रकारचा असतो. एक पूर्ण मोकळा. तो हवं तिथे जातो. दुसऱ्याला इंग्रजीत रिस्ट्रिक्टेड फ्री एजंट म्हणतात. तो अर्धाच मोकळा. दुसऱ्या क्लबने त्याला ऑफर दिली की त्याच्या जुन्या क्लबला विचार करायला आठवडा मिळतो. तेवढाच पगार द्यायला जुना क्लब तयार झाला, म्हणजे त्याने ऑफर मॅच केली, तर खेळाडू तिथेच राहतो. ऑफर देणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. त्या आठवड्यात त्याला ऑफर मागेही घेता येत नाही.

दुबईच्या क्लबचा क्वामे हा घानाचा फॉरवर्ड असा अर्धा मोकळा होता. एका लग्नात दुबईच्या क्लबचे अध्यक्ष "हा फार महाग झाला" असं कुरकुरले होते. अबू खालिदनी ते ऐकलं होतं.

"वो नहीं रखेगा. यल्ला, चलो, ऑफर लिखो."

परदेशी खेळाडूंची संख्या ठरलेली असते. आमच्या जागा भरलेल्या होत्या. क्वामेसाठी जागा करायची म्हणजे झांबियाच्या डेव्हिडला सोडायचं. डेव्हिड गोल बेताचे करी, पण शेवटच्या मिनिटापर्यंत धावे. बायको आणि मुलगी त्याच्याबरोबर राहत. त्याची मुलगी आणि माझी मुलगी एकाच स्कूलबसने जात.

"डेव्हिडला रिलीज केल्याशिवाय ऑफर जाणार नाही, हे खरं," मी म्हणालो. "पण व्हिसा राहू द्या. आठवडाभर थांबू. क्वामे आला नाही तर डेव्हिडला परत घेता येईल."

"और क्वामे किदर सोएगा? होटल में?" अबू खालिद खरोखर दुखावले. "मेहमान आता है, घर तैयार नहीं? लोग क्या बोलेगा?"

व्हिला क्लबचा होता. त्यात राहायचा हक्क व्हिसाबरोबर यायचा आणि व्हिसाबरोबर जायचा. पाहुणा उतरण्याआधी घर रंगवलेलं हवं, नवा एसी हवा. त्यासाठी आधी डेव्हिड बाहेर हवा.

डेव्हिडला त्यांनी स्वतः सांगितलं. खांद्यावर हात ठेवून, "यू आर माय ब्रदर," म्हणाले. डेव्हिडने एकच प्रश्न विचारला, "माय डॉटर्स स्कूल, सर?"

अबू खालिद माझ्याकडे वळले. म्हणाले, "उसको एनओसी दो. अच्छा आदमी है, रास्ता मत रोको." एनओसी म्हणजे जुन्या मालकाचं ना हरकत पत्र. त्याशिवाय देशात दुसरीकडे नोकरी धरता येत नसे आणि घरी परतावं लागे. मागितल्याशिवाय ते कोणी देत नसे.

पासपोर्ट घेऊन अन्वरभाई निघाले. ते रत्नागिरीचे, क्लबचं सरकारी कचेऱ्यांतलं सगळं काम बघत. दारात थांबून मला म्हणाले, "साहेब, नक्की ना? शिक्का पडला की मग माझ्याकडे धावत येऊ नका."

"मॅनेजरांना विचारा."

"त्यांनाच विचारून आलो. ते रंगाचं कार्ड बघतायत."

दुबईचा फोन आला तो यानंतर. फॅक्सही आला. आम्ही क्वामेला देऊ केलेला पगार आता त्याला दुबईत मिळणार होता. म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या खेळाडूला पगारवाढ आम्ही मिळवून दिली. खेळाडूंची नोंदणी बंद व्हायला फार वेळ उरला नव्हता आणि बाजारात बरा फॉरवर्ड शिल्लक नव्हता.

"डेव्हिड को बुलाओ. खलास, उसको वापस लो. नया एसी भी उसका."

व्हिलाचा फोन रंगाऱ्याने उचलला. डेव्हिडचा मोबाइल लागला. मी स्पीकर चालू केला.

"गुड न्यूज, डेव्हिड. बॉस वॉन्ट्स यू बॅक."

 तो हळू आवाजात म्हणाला, "सर, आय ॲम इन दुबई. आय साइन्ड धिस मॉर्निंग."

"विथ हूम?"

त्याने क्लबचं नाव सांगितलं. काही मिनिटांपूर्वी ज्यांचा फॅक्स आला होता, तोच क्लब. त्यांची एक परदेशी जागा रिकामी होती. आमचं एनओसी पाहून त्यांनी त्याला त्याच दिवशी घेतलं होतं.

अबू खालिद उभे राहिले आणि पुन्हा बसले.   फॅक्स पाठवणाऱ्याला हे सकाळपासून माहीत होतं. त्याने मला गुड मॉर्निंगसुद्धा म्हटलं होतं.

संध्याकाळी माझी मुलगी डेव्हिडच्या मुलीबद्दल म्हणाली, "बाबा, शी डिडन्ट इव्हन से बाय."

त्या मोसमात दुबईचा क्लब आमच्या मैदानावर आला. क्वामे बेंचवर बसून राहिला. डेव्हिड पूर्ण वेळ धावला आणि एकमेव गोल त्याने केला. हात वर केले नाहीत. सामना संपल्यावर तो आमच्या बाकाकडे आला.

"सर, माय डॉटर्स बायसिकल. इट्स स्टिल इन द व्हिला."

अबू खालिदनी ड्रायव्हरला खूण केली. सायकल त्यांच्या गाडीत होती. तिच्यावर उडालेले पांढऱ्या रंगाचे शिंतोडे त्यांनी खरवडून घेतले होते.

आम्ही त्या वर्षी लीगच्या खालच्या विभागात गेलो. व्हिला मोसमभर रिकामा राहिला. पुढेही आम्ही अर्ध्या मोकळ्या खेळाडूंना ऑफर दिल्या. काही आले, काही नाही. पण क्लबात एक पद्धत कायमची पडली. रंगाऱ्याला बोलवायचं ते खेळाडूची सही झाल्यावर.